बाबांच्या उशाशी तीन बटणं

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही, म्हणूनच म्हणते. शिवाय काम आहे, आणि काम असलं की नणंदेला मान द्यावा लागतो.

पत्र अशासाठी की फोनवर तुझ्याशी सरळ बोलता येत नाही. आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून तो मोठा करून ठेवलेला, त्यामुळे त्यांच्याविषयी काही बोलायचं तर त्यांच्यासमोरच बोलावं लागतं. आणि मेसेजवर आपण दोघी दोन ओळींत भांडायला लागतो. कागदावर भांडायला जरा वेळ लागतो. तेवढी उसंत मला बरी वाटते.

तर काम असं. मागच्या खेपेला तू ती नवी बटणं बसवून गेलीस. बाबांच्या उशाशी काचेची पट्टी, तिच्यावर तीन बटणं : त्यांची खोली, पॅसेज आणि स्वयंपाकघर. पडल्या पडल्या घरभरचे दिवे लावा, मंद करा, घालवा. कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही. पण ही बटणं फार तल्लख आहेत. बाबांच्या हाताचा कंप वाढलाय. ते बोट एकदा लावतात आणि बटणाला ते दोनदा वाटतं. दिवा लागतो आणि लगेच विझतो. ते पुन्हा लावतात. मग बोट स्थिर ठेवावं म्हणून टेकवून धरतात, तर बटणाला वाटतं मंद करायचाय. उजेड सरसर खाली. काल त्या बटणाशी त्यांची अशी झटापट चालली होती की मी शेवटी उठून लाव-घालव केली, तर माझ्यावरच रागावले.

हे म्हणे फोनमधून कमी-जास्त करता येतं. वायरमनला विचारलं तर म्हणाला, ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच करता येईल, मला नाही. नाव तुझं, पासवर्ड तुझा, फोन तुझा. दिवे मात्र आमचे.

तर जरा सावकाश कर त्यांना.

बाबा बरे आहेत. जेवतात. तुझा फोन येतो तेव्हा त्यांना नेमकी डुलकी लागलेली असते, मनात काही आणू नकोस. तुझा दादा पुलाच्या साइटवरून पंधरवड्याने येतो आणि आला की झोपतो. पूल उभा राहील, पण हा माणूस उभा राहील असं दिसत नाही.

तुझी
वहिनी


१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं त्याच दिवशी केलं. आता नीट लक्षात ठेव. बोट किती वेळ टेकलं म्हणजे ती टिचकी समजायची आणि किती वेळ टेकलं म्हणजे दाबून धरलं समजायचं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. दोन्ही वाढवल्या आहेत. एका स्पर्शानंतर लगेच दुसरा झाला तर बटण तो आता मोजणार नाही. थरथरीचा प्रश्न यात सुटायला हवा. नाही सुटला तर सांग, आणखी सरकवते.

हे काम करताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इथे कंट्रोल रूममध्ये दिवसभर मी हेच करत असते. अख्ख्या शहराच्या पाण्याचा दाब पडद्यावर दिसतो, कुठली झडप कधी उघडली, कधी मिटली, सगळं. लोकांना वाटतं आम्ही पाणी सोडतो. आम्ही नुसत्या रेघांकडे बघत बसतो आणि रेघ वाकडी झाली की कुणाला तरी झोपेतून उठवतो. सध्या दोन माणसं कमी आहेत, त्यामुळे पाळीला पाळी लागून येते. घरी आले की जेवायचासुद्धा कंटाळा येतो.

पण रेघांची सवय वाईट असते. बटणाचं काम करताना मागची नोंदही दिसते, कुठलं बटण कधी दाबलं त्याची. वहिनी, बाबा रोज त्यांच्या पट्टीवरून स्वयंपाकघरातला दिवा वर-खाली करतात. दिवसातून किती तरी वेळा. कधी झटकन खाली आणि वर, कधी थोडा थोडा करत अगदी सावकाश. स्वयंपाकघरात ते नाहीत, मग त्या दिव्याशी त्यांचं काय काम? आमच्याकडे एखादी झडप कारण नसताना उघडमीट करायला लागली, तर ती बिघडायच्या वाटेवर आहे असं आम्ही धरतो.

मला खरं सांग. ते गोंधळतात का? आपलं ठरलंय, विसरू नकोस. बाबांना हाक मारता येते आणि हाकेला तू धावतेस, तोवर ते घरी. ज्या दिवशी हाक मारता येणार नाही किंवा कुणाला मारायची ते कळणार नाही, त्या दिवशी इथे माझ्याजवळच्या शुश्रूषागृहात. मी हे बोलले तेव्हापासून ते माझ्याशी फोनवर बोललेले नाहीत. डुलकी रोज फोनच्याच वेळेला लागत नाही, एवढं मला कळतं. रागावलेत. रागावू देत. पण तू तरी काही लपवू नकोस.

दादाला म्हणावं, झोपेतून उठल्यावर एक फोन कर.

तुझी
नणंद (वन्सं नव्हे)


२२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

बटणं सुधारली. आठ-दहा दिवसांपासून बाबांच्या खोलीतला दिवा पहिल्या बोटाला लागतो आणि लागलेला राहतो. हाताच्या थरथरीला बटणाने माफ केलंय असं वाटतं. तुझे आभार.

आता आणखी एक. दाबून धरल्यावर उजेड जो वाढतो किंवा उतरतो, तो अजून फार भरभर होतो. तो हळू करता येईल का? अगदी हळू. बाबा म्हणाले की उजेड असा अंगावर धावून येऊ नये, तो कधी वाढला ते कळता कामा नये, आणि बटणाला एवढी घाई कसली झालीय ते त्या बटणवाल्याला एकदा विचारा म्हणून.

तू विचारतेस ते गोंधळतात का. ज्या माणसाचा जन्म नाट्यगृहात दिवे सांभाळण्यात गेला, त्याच्या उशाशी तू दिव्याची बटणं लावलीस आणि आता म्हणतेस ते बटणांशी खेळतात. तू लहान असताना त्यांच्याबरोबर जायचीस ना? ते कठड्यामागे उंचावर बसायचे, समोर त्या लाकडी मुठीच्या दांड्यांची रांग. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला एकदा तिथे नेलं होतं. खाली नाटक चाललेलं आणि वर हे दोन्ही हातांनी दांड्या इतक्या सावकाश खाली आणत होते की मला वाटलं हात हलतच नाहीत. मग खाली बघितलं तर रंगमंचावर संध्याकाळ झालेली. ते हात आता चमचा धरत नाहीत. मंद दिवा खाली-वर करण्यात त्यांचा वेळ जातो, तर जाऊ दे. स्वयंपाकघरातला दिवा निवडतात कारण तो पॅसेजमधून त्यांना दिसतो. एवढंच आहे.

स्वयंपाकघरात दिवसासुद्धा दिवा लागतो हे तुला ठाऊक आहे. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. मला त्या दिव्याच्या वर-खालीचा काही त्रास नाही.

लपवण्यासारखं काही नाही. दमलेय, एवढं मात्र खरं. परवा दूध गॅसवर ठेवलं आणि शेजारी उभी राहून ते उतू जाताना बघत बसले. दिसत होतं सगळं. हात पुढे गेला नाही.

वहिनी


३ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात बाबांचं ते लांबलचक वाक्य आहे, धावून येऊ नये, कळता कामा नये, बटणवाल्याला विचारा. बाबांनी उभ्या जन्मात एका दमात एवढं बोललेलं मला आठवत नाही. आई म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे मूकनाट्य. तेव्हा ते वाक्य तुझं आहे. का रचलंस ते मला कळत नाही, पण मला वाटतं तू त्यांच्या बाजूने बोलून त्यांना सावरून घेतेस.

मी इथे एका डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एकच क्रिया पुन्हा पुन्हा करत राहणं हे चांगलं लक्षण नाही. नोंद मी रोज बघते. गेल्या आठवड्यात ते प्रमाण वाढलंय. आणि तू सांगतेस त्रास नाही. डोक्यावरचा दिवा दिवसभर वर-खाली होतो आणि तू दूध उतू जाताना बघत उभी राहतेस. वहिनी, तुझ्या जागी मी असते तर केव्हाच ओरडले असते.

म्हणून दोन गोष्टी केल्या आहेत.

आमच्याकडे एखादा सेन्सर उगाच वाजत राहिला की आम्ही त्याला थोडा बहिरा करतो. नाही केलं तर खोट्या अलार्मच्या गलक्यात खरा ऐकू येत नाही. तसं मी बाबांच्या पट्टीवरचं स्वयंपाकघराचं बटण बंद केलं आहे. आजपासून ते दाबलं तरी काही होणार नाही. त्यांच्या खोलीचा आणि पॅसेजचा दिवा त्यांच्या हातात आहेच. स्वयंपाकघर तुझं, त्याचं बटण तुझ्या भिंतीवर. निदान काम करताना तरी तुला शांतता मिळू दे. आणि उजेड हळू करायचं म्हणत होतीस ते केलेलं नाही. त्यांना उठताना उजेड ताबडतोब हवा, अंधारात पाय सापडत नाही.

दुसरं, ते शुश्रूषागृह बघून आले. माझ्या घरापासून चालत जाता येतं. स्वच्छ आहे. खिडकीबाहेर झाड आहे, भिंत नाही. एक कॉट महिनाअखेरीस रिकामी होतेय, ती आपल्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे. अजून हो म्हटलेलं नाही. तू आणि दादा विचार करा. दादा म्हणेल, तुम्ही दोघी ठरवा. तेव्हा तूच विचार कर.

तुझी
नणंद


८ मार्च

वन्सं,

तुझं पत्र आज आलं. उशिरा आलं.

तुझ्या दादाने तुला फोनवर सांगितलं की बाबा जरा घसरले, आता ठीक आहेत. त्याला जेवढं मी सांगितलं तेवढंच त्याने सांगितलं. बाकीचं मी सांगते.

तीन तारखेला, तू पत्र लिहिलंस त्याच दुपारी, जेवण झाल्यावर मी बाबांना आरामखुर्चीत बसवलं, पट्टी हाताशी येईल असं, आणि स्वयंपाकघरात गेले. भाजी चिरली, कपडे भिजवले, डबे पुसले. मधूनमधून वर दिव्याकडे बघत होते. दिवा हलला नाही. दिवा हलला नाही म्हणजे बाबांना झोप लागली, असं धरून मी पुढचं काम घेतलं. खूश होते, इतका वेळ सलग मिळाला म्हणून. चहा घेऊन गेले तर ते खुर्ची आणि भिंत यांच्या मध्ये जमिनीवर. एक हात वर, पट्टीवर. बोट त्या बंद बटणावर टेकलेलं आणि तरीही दाबत होते. कोपर सोललेलं, कपडे ओले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी उचलताना मान दुसरीकडे वळवून ठेवली.

हाड मोडलेलं नाही. डॉक्टर येऊन गेले.

तू म्हणशील, हाक का नाही मारली. बाबांना हाक मारता येत नाही, बाई. थंडी सुरू झाली तेव्हापासून त्यांचा आवाज जात जात गेला. हात थरथरतात त्याच दुखण्याने घसाही थकतो म्हणे. आता ओठाजवळ कान नेला तर चार शब्द कळतात, तेही सकाळी. डोकं शाबूत आहे, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. फोनवर ते येत नाहीत ते रागाने नाही. तू हॅलो म्हणशील आणि इकडून काहीच येणार नाही, म्हणून. मला म्हणाले, तिला सांगू नकोस. हाक मारता येईल तोवर घरी, ही अट तुझी होती. ती त्यांनी ऐकली होती, कमी ऐकू येत असूनसुद्धा.

म्हणून आम्ही दोघांनी तो दिवा धरला. नाट्यगृहात विंगेत एक छोटा दिवा असतो, तो लागला की नटाने आत शिरायचं. कुणी हाक मारत नाही. तसं हे. उजेड खाली जाऊन वर आला की मी जायचं. एकदा झाला तर हातातलं काम उरकून, लागोपाठ झाला तर असेन तशी. तुझ्या नोंदीत ज्या रेघा दिसतात त्या म्हणजे पाणी, कूस बदलणं, डोळ्यावर ऊन आलं, पाय अवघडला. माझा अख्खा दिवस आहे तो. प्रमाण वाढलं कारण त्यांना गरज वाढली.

तू बटण बहिरं केलंस, आणि बाबांना आवाज नाही.

तुझ्यावर रागावले आहे की नाही, मला सांगता येणार नाही. खोटं मी बोलले, तू तुला मिळालेल्या माहितीवर चाललीस. पण मला न विचारता, इतक्या लांबून, माझ्या डोक्यावरचा दिवा. असो. वायरमनने तात्पुरती एक बेल लावून दिली आहे. बाबांना ती आवडत नाही. घंटा प्रेक्षकांसाठी असते, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता तुला सगळं माहीत आहे. अट तुझी आहे. कॉट तू बघून आली आहेस. मी भांडणार नाही, मला भांडायला ताकद नाही. सकाळी उठते तेव्हाच दमलेली असते, आदल्या दिवशीची. बाबांना तिकडे न्यायचं म्हणालीस तर मी बॅग भरेन, आणि खरं सांगते, भरताना मला रडूही येईल आणि हलकंही वाटेल. कुठलं आधी, ते विचारू नकोस.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

बटण परत चालू केलं आहे. उजेडाचा वेग तू म्हणालीस तसा अगदी हळू ठेवलाय. पासवर्ड खाली लिहिला आहे, आता दिवे तुझ्या हातात. मी नोंद बघणं बंद केलंय.

बाकी लिहायला बसले तर चार कागद झाले आणि सगळे फाडले. तू बोललीस ते सगळं बरोबर बोललीस.

सुटी टाकली आहे. साहेब म्हणाले, माणसं कमी आहेत. मी म्हटलं, घरीसुद्धा. एकोणीसला पोहोचते. मला सगळं दाखव, एक दिवस माझ्याबरोबर राहा, आणि मग तुझ्या बहिणीकडे जा. विचारत नाही, सांगतेय. दोन महिने. कॉटचं काय करायचं ते मी आधी इथे राहून बघते. त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय.

तुझी
नणंद


९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझ्या बहिणीकडच्या गच्चीत तू खुर्ची टाकून बसतेस आणि कुणी काही मागत नाही, हे तू तिकडून लिहिलेलं वाक्य मी दोनदा वाचलं. मला हेवा वाटला. वाटू दे.

इथलं सांगते. पहिल्या दिवशी मी बाबांना आंघोळ घालताना माझीच झाली. दुसऱ्या दिवशी गोळ्या सकाळच्या संध्याकाळी. त्यांनी हाताने नको नको केलं तरी मी देत होते, शेवटी त्यांनी गोळी तोंडात धरून ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. दादा रविवारी आला. त्याला म्हटलं, आज झोपायचं नाही, आज बाबा तुझे. संध्याकाळी मला म्हणाला, हे रोज असतं? मी म्हटलं, नाही, रविवारी जरा कमी असतं.

शहराच्या पाण्यावर लक्ष ठेवणं सोपं आहे. तिथे मला आठ तासांनी कुणीतरी सोडवायला येतं. इथे चौथ्या दिवशी कंबर गेली. परवा मीसुद्धा दूध उतू जाताना बघत उभी राहिले आणि मग हसायला लागले. तेव्हा मला तुझं पत्र खरं कळलं.

दिव्याची भाषा जमली. उजेड खाली जाऊन वर आला की मी जाते. पहिल्यांदा तसा आला आणि मी गेले, तेव्हा बाबांनी फक्त पाय दाखवला. मी पाय सरळ केला. त्यांनी डोळे मिटले. आमचं इतकं नीट बोलणं गेल्या कित्येक वर्षांत झालं नसेल.

पण एक गोष्ट अडते. तू दाखवलेल्यात ती नव्हती. दुपारी भांडी आवरून होतात, त्या सुमाराला स्वयंपाकघरातला दिवा खाली जात नाही, वर जातो. नेहमी आपण अर्धाच ठेवतो ना, तो वाढतो. इतका हळू की आधी मला कळतच नाही, मग एकदम लक्षात येतं की ओट्यावरचे डाग दिसायला लागलेत. मी धावत जाते. काय हवं? पाणी? कूस? ते मान हलवतात. नाही. मी परत येते, तर काही वेळाने दिवा हळूहळू उतरतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. काल मी तिसऱ्यांदा आत गेले तर ते चक्क वैतागले. डोळे मिटून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या जुन्या नोंदीत ज्या सावकाश रेघा होत्या त्या याच. खोटा अलार्म आहे का हा? या वेळी विचारल्याशिवाय काही बंद करणार नाही.

आणि कॉटविषयी. मला आता माहीत आहे तू काय उचलतेस. उरलेल्या दिवसांत मला शुश्रूषागृहाला उत्तर द्यायचंय. तुला नको असेल तर मी एका शब्दाने दोष देणार नाही. खरं लिही. बाबांच्या वतीने मोठी वाक्यं रचू नकोस.

तुझी
नणंद


१७ एप्रिल

प्रिय वन्सं,

आत धावत जायचं नाही. बसायचं.

ते मध्यंतर आहे.

ते तुला दाखवलं नाही हे खरं. विसरले नव्हते. झालं असं की हिवाळ्यात एकदा मी ओट्याशी उभी राहून चहा पीत होते. पॅसेजचं दार उघडं होतं, बाबांना मी दिसत असणार. दिवा वाढायला लागला. मी कप ठेवून धावले. त्यांना काही नको होतं. त्यांनी बोटाने स्वयंपाकघरातली खुर्ची दाखवली. मला कळेना. मग कान ओठाशी नेला, तेव्हा म्हणाले, मध्यंतर. बस.

नाट्यगृहात अंक संपला की प्रेक्षागृहातले दिवे असेच वाढवायचे, माणसांना उठून बाहेर यायला वेळ देत. ते मला कधीतरी म्हणाले होते, की लोक चहाला जायचे तेव्हा हे वर दिव्यांपुढचे रंगीत कागद बदलत असायचे. त्यांना स्वतःला मध्यंतर कधी मिळालं नाही. दुसऱ्यांना द्यायचं मात्र हातात होतं. आता दुसरं काही हातात नाही, तर तेवढं त्यांनी ठेवलंय. दिवा वर असेपर्यंत ते काही मागत नाहीत. तहान लागली तरी थांबतात. मग दिवा हळूहळू उतरतो, म्हणजे चला, दुसरा अंक.

म्हणून मी तुझ्या मागे लागले होते की उजेड हळू कर. तुझ्या वेगाने मध्यंतर म्हणजे झटका बसायचा.

आणि तुला सांगितलं नाही कारण त्या घरात तेवढं एकच माझं होतं. बाकी सगळं वाटून घेण्यासारखं आहे, ते घे खुशाल. हे द्यायला जीव झाला नाही. आता देते. तूही उभी राहून दमली असशील.

कॉटचं विचारलंस. इथे येऊन पहिला आठवडा मी नुसती झोपले. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, परत जाऊच नये. हे तुला लिहिताना लाज वाटत नाही. आता चौथ्या आठवड्यात बहिणीच्या स्वयंपाकघरात मी मधूनमधून वर दिव्याकडे बघते. तिने विचारलं, पाल आहे का? मी म्हटलं, नाही.

माझं खरं उत्तर असं. बाबांनी घरी राहावं. पण मी पूर्वीसारखी एकटी नाही. दर तीन-चार महिन्यांनी तू येणार आणि मी जाणार. रविवार तुझ्या दादाचे, झोप त्याने पुलावर काढावी. सकाळी दोन तास बाई ठेवायची. यातलं एक जरी तुम्हा भावंडांना जमणार नसेल तर कॉट घ्या आणि मला पुन्हा विचारू नका. मी चांगली बाई म्हणून हे करत नाही, बरं का. मला जेवढं झेपेल तेवढंच करेन. त्याच्या पलीकडे नाही.

बाबांना सांग, मी इथे रोज दुपारी बसते.

वहिनी


२४ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आज सकाळी आलं. ते मी बाबांना वाचून दाखवलं, मोठ्याने, पालीसकट. शेवटची ओळ ऐकून त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, हो, कळलं मला. उशिरा कळलं, पण कळलं.

दादाशी बोलले. तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा. मी म्हटलं, आम्ही ठरवलंय, तू फक्त रविवारी ये आणि जागा राहा. हो म्हणाला. सकाळची बाई सोमवारपासून येईल. शुश्रूषागृहात फोन करून कॉट सोडली. तिथल्या बाई म्हणाल्या, नंतर लागली तर रांगेत थांबावं लागेल. मी म्हटलं, थांबू.

आता भांडी आवरून झाली होती आणि मी मुद्दाम ओट्याशी उभी राहिले, पाठ पॅसेजकडे करून. वाट बघत होते, हे लपवत नाही. काही होईना. वाटलं, माझ्या धावपळीला कंटाळून त्यांनी सोडून दिलं असेल. मग ओट्यावरचे डाग दिसायला लागले.

आत गेले नाही. खुर्ची ओढली, चहा ओतला, बसले. पाय समोरच्या स्टुलावर टाकले. इथून त्यांचं बोट दिसतं, पट्टीवर टेकलेलं, थरथरतंय. दिव्यात ती थरथर बिलकूल दिसत नाही.

हे पत्र तिथेच बसून लिहितेय. तुझ्या त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, कधी बोलली नाहीस. दादाला रविवारी ते काम देते.

अजून बरंच लिहायचं होतं, पण अक्षरं अंधूक व्हायला लागलीत. दिवा उतरतोय.

उठते.

तुझी
वन्सं